उसनी कुऱ्हाड

(अभ्यासपाठ. शास्त्रवाचन : २ राजे ६:१–७; लेवीय २५:१–७)

अलीशा संदेष्ट्याच्या शिष्यांची ही गोष्ट शब्बाथशाळेतील लहान मुलालाही ठाऊक असते. लोखंडाचे पाते पाण्यावर तरंगले हे मुलांच्या मनावर ठसते, आणि आपण शिक्षकही बहुधा तेथेच पाठ संपवितो. या महिन्यात मात्र त्या चमत्काराच्या अलीकडची वचने सावकाश वाचावीत, अशी आमची वाचकांस विनंती आहे.

शिष्यांना राहण्याची जागा अपुरी पडू लागली. यार्देनेच्या काठी जाऊन प्रत्येकाने एकेक तुळई तोडून आणावी आणि नवी जागा बांधावी, असे त्यांनी ठरविले. गुरूंनी परवानगी दिली. तेवढ्यावर एकाचे समाधान झाले नाही; आपणही बरोबर चला, असे त्याने विनविले, आणि अलीशा गेला. झाडे तोडताना एकाच्या कुऱ्हाडीचे पाते निसटून पाण्यात पडले. तो ओरडला. त्याच्या आकांताचे कारण त्याने लगेच सांगून टाकले : ते पाते उसने आणलेले होते.

कोणाकडून उसने? शास्त्रात नाव नाही. त्या काळी लोखंड महाग होते, तेव्हा ज्याने ते दिले त्यालाही ते सहज मिळाले नसेल. काठावरचा एखादा शेतकरी किंवा सुतार असेल. आपण त्या शिष्यांना धर्मशाळेचे विद्यार्थी म्हटले तरी चालेल, आणि त्यांच्या नव्या जागेला कॉलेजचे आवार म्हटले तरी चालेल. त्या आवाराच्या तुळया सर्वांच्या रानातून आल्या आणि त्या तोडणारे हत्यार शेजाऱ्याचे होते. जेथे जेथे शाळा, कॉलेज, वसतिगृह, दवाखाना उभा राहतो, तेथे असेच होते. पाणी गावच्या ओढ्याचे, जमीन कोणीतरी दिलेली, आणि प्रबंध लिहिणाऱ्या प्राध्यापकांची माहितीसुद्धा गावातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेली. या उसन्याचा हिशेब कोण ठेवतो?

हल्ली कॉलेजांनी व विद्यापीठांनी खेड्यांशी भागीदारी करून ‘शाश्वत विकास’ साधावा असे पुष्कळ ऐकू येते. शाश्वत म्हटले की ख्रिस्ती माणसाचे मन निराळ्याच गोष्टीकडे जाते, म्हणून आम्ही येथे ‘टिकाऊ’ हा साधा शब्द वापरतो. जमीन नापीक होऊ नये, झरा आटू नये, रान उजाड होऊ नये, आणि लोकांची भाषा व रीत त्यांच्या मुलांपर्यंत पोहोचावी, एवढा त्याचा अर्थ घेतला तरी पुरे आहे. असे प्रयत्न आपल्या देशात नवे नाहीत. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांतून सुरू झाली. २०१४ पासून केंद्र सरकारचे उन्नत भारत अभियान उच्च शिक्षणाच्या संस्थांना आसपासची काही गावे निवडून तेथे काम करावयास सांगते. या कामात ‘दत्तक गाव’ असा एक शब्द रूढ झाला आहे. तो आम्हांस रुचत नाही. दत्तक घेतात ते पोरक्या मुलाला. गाव कॉलेजपेक्षा कितीतरी वडील असते. सात दिवसांच्या शिबिरात रस्ता झाडणारी मुले आठव्या दिवशी परत जातात आणि गाव तेथेच राहते. मग कोणी कोणास दत्तक घेतले?

या प्रश्नाचा विचार करावयास आदिलाबाद जिल्ह्यासारखी जागा दुसरी नाही. पैनगंगेच्या अलीकडे यवतमाळ, पलीकडे आदिलाबाद; बेला, जैनद या भागांत मराठी घरोघरी बोलली जाते. पण आत उटनूरच्या पठाराकडे गेले की आपण गोंड, कोलाम, परधान यांच्या मुलुखात येतो. तेथे मारलवाई नावाचे एक लहान गाव आहे. २०१६ साली जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, आणि आज हे गाव कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडते. १९४३ साली तेथे जी शाळा निघाली तिच्यासंबंधी मराठी मंडळ्यांतून फारसे कोणास ठाऊक नसते.

त्याआधीची हकीकत अशी. पठारावरची जमीन हलकी. गोंड शेतकरी ती काही वर्षे कसत आणि मग काही वर्षे पडीक ठेवीत, म्हणजे तिच्यात पुन्हा जीव येई. हैदराबाद संस्थानाच्या जंगल खात्याने राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या तेव्हा ही पडीक शेते जंगल म्हणून मोजली गेली. विसावा घेणारी जमीन कागदावर बेवारस ठरली. पुष्कळ गावे जंगलाच्या रेषेत कोंडली गेली, काही उठविली गेली, आणि जंगल खात्याच्या शिपायांचे हात ओले केल्यावाचून नांगर चालेना.

येथे वाचकांनी लेवीय २५ उघडावे. सातव्या वर्षी भूमीला विसावा द्यावा, त्या वर्षी पेरू नये व छाटणी करू नये, आणि आपोआप उगवेल ते मालकाने, दासाने, परक्याने व जनावरांनीही खावे, असा तेथे नियम आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी हा अध्याय वाचला असेल, पण तो पाळणारा शेतकरी क्वचितच पाहिला असेल. ज्यांनी लेवीय कधी ऐकले नव्हते, त्या लोकांच्या शेतीत जमिनीला विसावा देण्याची रीत होती, आणि शिकलेल्या अंमलदारांना तिच्यात आळस दिसला. शिकलेला मनुष्य गावी गेला म्हणजे गावाचे भले होतेच असे नाही, हे येथे स्पष्ट होते. नकाशा काढणारेही शिकलेलेच होते.

खालच्या खोऱ्यांतील काळी कसदार जमीन तर रस्ते व रेल्वे आल्यावर बाहेरून आलेल्या शेतकऱ्यांच्या व सावकारांच्या हाती गेली. त्यांत तेलुगू बोलणारे होते तसे मराठी बोलणारेही होते. हे लिहिताना आम्हांस बरे वाटत नाही. पण मराठी वाचकांसाठी लिहिताना ते गाळणे योग्य नव्हे.

जमीन व जंगलाचा हक्क मागणारे कुमरम भीम १९४० साली जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. त्यानंतर संस्थान सरकारला या लोकांची स्थिती समजून घेण्याची गरज वाटली, आणि ते काम क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या व्हिएन्नाच्या मानववंशशास्त्रज्ञाकडे आले. त्यांचे येथे असणे ही महायुद्धाची करणी. जर्मन पारपत्र असल्यामुळे ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले होते आणि त्यांना हैदराबाद संस्थानात राहण्यास सांगण्यात आले होते. ते व त्यांची पत्नी बेटी एलिझाबेथ मारलवाईत गोंडांच्या घरांसारख्याच साध्या घरात राहू लागले. गोंडी शिकले. ज्या शिष्याने अलीशाला बरोबर चला म्हटले त्याची आठवण आम्हांस येथे होते. हैदराबादेहून हुकूम पाठविणे वेगळे आणि यार्देनेच्या काठी उभे राहणे वेगळे.

हायमेनडॉर्फ लिहिण्यासाठी आले होते. ‘आदिलाबादचे राजगोंड’ हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४८ साली निघाला आणि त्यातील प्रत्येक गोष्ट गोंडांनी व त्यांच्या परधान भाटांनी सांगितलेली आहे. म्हणजे कुऱ्हाड उसनीच होती. पण ग्रंथ छापून होण्याची वाट न पाहता परतफेडीस सुरुवात झाली. १९४३ साली मारलवाईत गोंड तरुणांना शिक्षक करण्याचे केंद्र निघाले. बाहेरून शिक्षक आणावेत तर ते रानात टिकत नाहीत आणि मुलांची भाषा त्यांना येत नाही. तेव्हा ज्या थोड्या गोंड तरुणांना अक्षरओळख होती त्यांना प्रथम तयार करावयाचे, त्यांनी आपापल्या गावी शाळा काढावयाची, आणि तेथून पुढची मुले पुन्हा मारलवाईस यावयाची, अशी योजना होती. वाचनाची पुस्तके व तक्ते गोंडी भाषेत आणि देवनागरी लिपीत केले गेले, कारण या भागातील लोकांना मराठीची थोडीफार ओळख होती. मुलांनी प्रथम आपल्याच घरची भाषा वाचली आणि मग राज्यकारभाराच्या भाषेकडे वळली.

या कामात एक मराठी नाव आहे. शिवकालीन इतिहासाचे अभ्यासक म्हणून आपण सेतुमाधवराव पगडी यांना ओळखतो. ते तेव्हा हैदराबादच्या नागरी सेवेत होते. आदिलाबादेत काम करताना ते गोंडी शिकले, त्या भाषेचे व्याकरण त्यांनी लिहिले आणि गोंडांवर इंग्रजीत पुस्तकही लिहिले. सरकारी अंमलदाराने ज्यांच्यावर अंमल करावयाचा त्यांची भाषा विद्यार्थी होऊन शिकावी, हे त्या काळी विशेष होते. आजही ते फार ठिकाणी आढळत नाही.

अक्षराबरोबर जमीन आली, म्हणून या शाळेला वजन होते. आदिवासी क्षेत्रांसाठी १९४६ साली स्वतंत्र कायदा झाला. काही वर्षांत अकरा हजारांहून अधिक आदिवासी कुटुंबांच्या नावे सुमारे १ लाख ६० हजार एकर जमीन लावण्यात आली. पट्टा हाती असूनही तो वाचता आला नाही तर सावकाराच्या कागदावर अंगठा उठावयास वेळ लागत नाही. आणि वाचता आले पण जमीन नसेल तर शिकलेला मुलगा गाव सोडतो. त्या काळी या दोन गोष्टी हातात हात घालून गेल्या. केसलापूरच्या नागोबा जत्रेत अंमलदारांनी येऊन लोकांची गाऱ्हाणी ऐकावीत ही दरबाराची पद्धतही याच दशकात सुरू झाली. हायमेनडॉर्फ १९४५ मध्ये सरकारचे सल्लागार आणि उस्मानिया विद्यापीठात प्राध्यापक झाले होते. विद्यापीठ, सरकार आणि गाव यांना जोडणारा माणूस एकच होता.

आमच्या मते यातच पुढच्या हानीचे बीज होते. १९४८ साली संस्थान भारतात विलीन झाले, हायमेनडॉर्फ लंडनच्या विद्यापीठात गेले, १९५६ च्या भाषावार प्रांतरचनेत आदिलाबाद आंध्र प्रदेशात आला. शाळांत तेलुगू आली आणि देवनागरीतील गोंडी पुस्तके मागे पडली. हे कोणी वाईट हेतूने केले असे आम्ही म्हणत नाही. राज्याची भाषा शिकणे आवश्यकच होते. परंतु गोंडी पुस्तके राहिली पाहिजेत असे म्हणण्याचा अधिकार ज्यांना असावयास हवा होता, त्या गावकऱ्यांना कोणत्याच समितीत जागा नव्हती. सत्तरच्या दशकात हायमेनडॉर्फ परत येऊन पाहतात तो दिलेल्या जमिनीचा मोठा भाग पुन्हा परक्यांच्या हाती गेलेला. १९८२ साली भारतातील आदिवासींवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या पानापानांत हे दुःख आहे. त्याच्या आदल्या वर्षी, २० एप्रिल १९८१ रोजी, इंद्रवेल्ली येथे आपल्या जमिनीच्या मागण्यांसाठी जमलेल्या गोंडांवर गोळीबार झाला होता.

मुलांना मातृभाषेतून शिकविण्याची गोष्ट मग २००४ साली पुन्हा निघाली. आंध्र सरकारने गोंडी व कोलामीसह आठ आदिवासी भाषांत प्राथमिक शिक्षण सुरू केले, या वेळी तेलुगू लिपीत. १९४३ पासून मोजले तर एकसष्ट वर्षे झाली. एकसष्ट वर्षांत किती पिढ्या पहिल्या इयत्तेत बसल्या याचा हिशेब शिक्षकांनी करावा. शिक्षक स्थानिकच असावा हा मारलवाईचा विचारही असाच हेलकावे खात राहिला. २००० साली सरकारने अनुसूचित क्षेत्रांतील शाळांत सर्व शिक्षक स्थानिक आदिवासीच नेमावेत असा आदेश काढला. २२ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला. शंभर टक्के जागा राखून ठेवता येत नाहीत हे न्यायालयाचे म्हणणे आपण मान्य करू. तरीही लेकराच्या भाषेत बोलणारा शिक्षक कोठून आणावयाचा, हा प्रश्न वर्गात तसाच बसून आहे.

याच मुलुखातील दुसरी एक गोष्ट अधिक आशेची आहे. नारनूरजवळच्या गुंजाळा गावात गोंडीच्या एका स्वतंत्र लिपीतील जुनी हस्तलिखिते घरांतून जपलेली होती. ती सुमारे १७५० च्या काळातील मानतात. हैदराबाद विद्यापीठाचे संशोधक प्राध्यापक जयधीर तिरुमल राव व त्यांचे सहकारी तेथे गेले, तेव्हा ती लिपी वाचणारे थोडे वृद्ध गावात जिवंत होते. विद्यापीठाच्या लोकांनी त्यांच्यापुढे बसून अक्षरे गिरविली. २०१४ साली त्या लिपीचे छपाईचे अक्षरवळण तयार झाले, आणि २०१८ मध्ये जगभरच्या संगणकांसाठी असलेल्या युनिकोड संचात तिला ‘गुंजाळा गोंडी’ या नावाने स्थान मिळाले. गावाच्या नावाने! म्हणजे कुऱ्हाडीच्या मालकाचे नाव या वेळी लिहून ठेवले गेले. ती लिपी गावातील मुलांना शिकविण्यासही आरंभ झाला.

हे कोणत्याही मिशनचे काम नव्हते, आणि ते आपल्या खाती लिहून घेण्याचा मोह आपण धरू नये. पण ज्यांना आपल्या घरचे उदाहरण हवे त्यांनी जामखेडकडे पाहावे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे १९७० साली त्या दुष्काळी तालुक्यात आले. गावांनी निवडलेल्या बाया, ज्यांतील पुष्कळ निरक्षर व दलित होत्या, केंद्रावर येऊन शिकत आणि परत आपल्या गावी जाऊन शिकवीत. १९७१ मध्ये तेथे जन्मणाऱ्या दर हजार मुलांमागे १७६ मुले वर्षाच्या आत दगावत. नव्वदच्या दशकापर्यंत हा आकडा तिशीच्या खाली आला. औषधाबरोबर पाणी, बांधबंदिस्ती, झाडे लावणे हीही कामे शेतकरी मंडळांनी व महिला मंडळांनी केली. पुढे त्याच बाया देशोदेशींच्या डॉक्टरांना शिकवू लागल्या. डॉ. मेबल १९९९ मध्ये व डॉ. रजनीकांत २०११ मध्ये वारले, आणि काम थांबले नाही, कारण ते गावोगावच्या हातांत होते. मारलवाईत जे एका माणसावर टेकले होते ते जामखेडात शेकडो बायांवर टेकले. आमच्या मते सर्वांत जास्त शिकावयाचे ते येथे.

आता आपल्या आवाराकडे येऊ. कॉलेज प्रत्येक मंडळीजवळ नसते, पण कंपाउंड बहुधा असते. जुन्या मिशनच्या काळातील विहीर, चिंच-कडुनिंबाची झाडे, शाळेची इमारत, वसतिगृहाची रिकामी खोली. दुष्काळात त्या विहिरीवरून शेजारच्या वस्तीने पाणी भरल्याच्या आठवणी ठिकठिकाणी सांगतात. आज त्याच जागांवरून कोर्टकचेऱ्या चालू आहेत, काही विकल्या जात आहेत, आणि पंचांच्या सभेत चर्चा चालते ती दर चौरस फुटाच्या भावाची. जागा आपल्या नावे आहे हे खरे. पण भोवतालच्या लोकांनी तिच्यासाठी काय दिले होते, हे एखाद्या सभेत विचारले गेल्याचे आमच्या ऐकिवात नाही. विहिरीचे पाणी कोठून झिरपते, पावसाचे पाणी आवारातून कोठे वाहून जाते, शेजारच्या वस्तीतील मुलांना अभ्यासाला बसावयास ती रिकामी खोली मिळेल काय, एवढे विचारणेही पंचांना अवघड नाही.

मोठ्या मुलांच्या वर्गासाठी हा पाठ तीन रविवारी घ्यावा. पहिल्या रविवारी दोन्ही उतारे वाचून, उसन्या वस्तूसंबंधी मुलांना त्यांच्याच घरची उदाहरणे सांगू द्यावीत. दळणाचे माप, नांगर, लग्नातली भांडी, पुष्कळ निघतील. दुसऱ्या रविवारी उपासनेनंतर मुलांना दोघादोघांनी शेजारच्या वस्तीत, शक्य असेल तर मंडळीबाहेरच्या वृद्धांकडे पाठवावे. पूर्वी कोणते धान्य पेरीत, कोणते झाड गेले, ओढा कधीपर्यंत वाहत असे, जमीन पडीक ठेवीत काय, एवढेच विचारावे आणि जसे सांगतील तसे, त्यांच्याच बोलीत, वहीत लिहावे. सुधारून लिहू नये. मुलांनी तेथे काही शिकवावयाचे नाही, फक्त विचारावयाचे, ही अट शिक्षकांनी कडक पाळावी. आमच्या अनुभवाने तरुणांना हीच सर्वांत जड जाते. तिसऱ्या रविवारी त्या वृद्धांना आवारात बोलावून, चहा देऊन, मुलांनी लिहिलेले त्यांना वाचून दाखवावे. ते चुका काढतील त्या तेथेच दुरुस्त कराव्यात, आणि वहीची एक प्रत ज्याने सांगितले त्याचे नाव वर घालून त्याच्या घरी पोहोचवावी.